सोळा आणे लाल

प्रूफं वाचणाऱ्या माणसाचं पोट टिंबांवर असतं. काना, मात्रा, वेलांटी या खुणा ठळक. त्या चुकल्या तर वाचकालाही ठेच लागते. टिंब मात्र शिरोरेषेच्या वर असं काही बसलेलं असतं की नजर जरा ढिली पडली की निसटलंच. ‘पुस्तकात’ आणि ‘पुस्तकांत’, ‘घर’ आणि ‘घरं’, ‘त्याचा’ आणि ‘त्यांचा’. एवढ्याशा शाईने एकाचे अनेक होतात आणि अरेतुरेतला माणूस अहोजाहोत जातो. पुण्यातल्या पेठांमधल्या प्रकाशकांची प्रूफं वाचण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. त्यामुळे डावा डोळा बिघडला तेव्हा त्याची पहिली खबर मला टिंबांनीच दिली. उजवा डोळा झाकून पान पाहिलं, तर ओळी जागेवर होत्या, शिरोरेषा ठसठशीत होती, शब्दही ओळखू येत होते; टिंबं तेवढी उडाली होती. डीटीपीवाल्याने फॉन्ट बदलला की काय, असं क्षणभर वाटलं. मग डावा झाकून उजव्याने पाहिलं. टिंबं जागच्या जागी.

पुढच्या काही दिवसांत पानाच्या मधोमध करडा डाग आला. कडेला बघायला डोळा वळवला की खोबणीत आत कुठेतरी दुखायचं. घरात ज्याच्या-त्याच्याकडे निदान तयार होतं. मोबाइल. जागरण. पित्त. चष्म्याचा नंबर. सासूबाईंनी गुलाबपाण्याच्या घड्या ठेवल्या, नणंदेने फोनवरून त्राटक सुचवलं. दुखऱ्या डोळ्याने ज्योतीकडे टक लावून बघायचं म्हणजे काय, हे ज्याचं दुखतं त्यालाच विचारावं.

नेत्रतज्ज्ञ बाई जुन्या वळणाच्या होत्या. तक्ता वाचून घेतला, बाहुल्यांवर आळीपाळीने विजेरीचा उजेड पाडून पाहिला, आणि मग टेबलावरची थेंबांची बाटली उचलून तिचं लाल टोपण माझ्यापुढे धरलं. “आधी उजव्याने बघा. हा लाल सोळा आणे धरा. आता उजवा झाका. डाव्याने किती आणे?”

टोपण तेच होतं, हात तोच होता. पण रंग उतरला होता, दहा पावसाळे खाल्लेल्या टपालपेटीसारखा विटकरी झाला होता.

“दहा आणे,” मी म्हणाले. “फार तर अकरा.”

त्या हसल्या नाहीत. कागदावर लिहून घेतलं. आजवर इतक्या तपासण्या झाल्या, पण माझ्या शब्दावर इतक्या सरळ विश्वास ठेवलेली तपासणी दुसरी आठवत नाही. दृष्टीच्या नसेला सूज आली की लाल रंग फिका पडतो आणि तो किती फिका पडला हे सांगणारं यंत्र त्या टेबलावर नव्हतं. माझ्या तोंडचे आणे हेच माप.

मग बाहुली मोठी करून त्यांनी डोळ्याचा तळ पाहिला आणि म्हणाल्या, आत सगळं ठीक दिसतंय. मला धस्स झालं. ठीक असेल तर मला दिसत का नाही? त्यांनी डॉक्टरांमधला एक जुना विनोद सांगितला: या दुखण्यात रुग्णाला काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही. सूज नसेवर असते, पण बहुतेकदा डोळ्याच्या मागे. तीनांतल्या दोघांच्या डोळ्यांत पाहून काहीच कळत नाही. विनोद मला तेव्हा आवडला नव्हता. पुढे तो फार उपयोगी पडला, कारण या आजाराचं सगळं घोडं तिथेच अडतं. ज्याला होतं त्याच्याखेरीज त्याला साक्षीदार नाही.

एमआरआयमध्ये मेंदूत पांढरे ठिपके निघाले, पाठीतून पाणी काढून तपासलं आणि आजाराला नाव मिळालं: मल्टिपल स्क्लेरोसिस. सगळे त्याला एमएस म्हणतात. शरीराचीच संरक्षक यंत्रणा मज्जातंतूंवरच्या मायेलिन नावाच्या स्निग्ध आवरणावर उलटते. जिथे ते झडतं तिथे निरोप मंदावतो, अडकतो किंवा पोचतच नाही. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात शार्को या डॉक्टरने १८६८ साली या आजाराची मांडणी केली. आपल्याकडे तो फारसा होत नाही असं बराच काळ मानलं जाई. मुंबईतल्या पारशी समाजात तो चांगलाच आढळतो हे डॉ. नोशिर वाडिया यांनी १९९० साली दाखवून दिलं, आणि एमआरआय सर्वत्र पोचल्यावर इतरांचेही आकडे दिसू लागले. पण एमएस नाव ऐकून आमच्या सोसायटीत आजही पहिला प्रश्न येतो तो “म्हणजे मणक्याचं का?” हाच.

शार्कोच्या आधीच्या एका रुग्णाशी माझी ओळख पुस्तकातून झाली, आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांपेक्षा त्याचाच आधार वाटला. ऑगस्टस दे एस्ते, इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जचा नातू. १८२२ सालच्या डिसेंबरात तो एका जिवलगाला भेटायला स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गेला. पोचला तेव्हा तो माणूस वारला होता. अंत्यविधीनंतर वाचायला बसला तर अक्षरं धूसर. पत्रं दुसऱ्यांकडून वाचून घ्यावी लागली, उत्तरंही त्यांनीच लिहिली. पुढे काहीही उपचार न करता डोळे आपोआप बरे झाले, असं त्याने रोजनिशीत नोंदवलं आहे. पाच वर्षांनी फ्लॉरेन्समध्ये त्याला एकाचे दोन दिसू लागले. नंतर पाय, मग बाकीचं सगळं. त्याच्या हयातीत या आजाराला नावच नव्हतं. ती रोजनिशी पुस्तकरूपाने छापून आली १९४८ साली, त्याच्या मृत्यूला शंभर वर्षं झाल्यावर. गडी राजघराण्यातला, दिमतीला डॉक्टरांची रांग, आणि कुणालाच पत्ता नाही. तरी तो लिहीत राहिला: आज असं झालं, उद्या तसं झालं. कुणाला पटावं म्हणून नव्हे. नुसतं नोंदवून ठेवलं.

मला शिरेतून स्टेरॉइड दिलं. तोंडाला पितळेची चव, रात्री टक्क जाग, आणि वखवखल्यासारखी भूक. याने दृष्टी वाचते असं मी धरून चालले होते. न्यूरॉलॉजिस्टनी तो गैरसमज तिथल्या तिथे काढला. १९८८ ते १९९१ या काळात अमेरिकेतल्या पंधरा केंद्रांमध्ये ४५७ रुग्णांवर याची रीतसर चाचणी झाली होती. शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडने दृष्टी लवकर परतते, पण वर्षभराने पाहिलं तर ते घेतलेले आणि न घेतलेले जवळपास एकाच ठिकाणी पोचलेले असतात. नुसत्या गोळ्या घेतल्या तर दुखणं पुन्हा उलटण्याचं प्रमाण उलट वाढतं.

“मग घ्यायचं कशाला?” मी विचारलं.

“तुमचं काम वाचण्याचं आहे. चार दिवस आधी परतलं तर बरं, म्हणून.”

परतलं. तक्त्यावरच्या सगळ्यांत खालच्या ओळीच्या जेमतेम वरची ओळ मी डाव्या डोळ्याने घडाघडा वाचली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि इथूनच खरी भानगड सुरू झाली. कारण तक्त्याला दिसत होतं आणि मला दिसत नव्हतं.

तो तक्ता हेर्मान स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ साली तयार केला. काळं कुळकुळीत अक्षर, पांढराशुभ्र कागद, मागून लख्ख उजेड. जगात अशा ठळकपणे काय छापलेलं असतं? संध्याकाळच्या उजेडातली पायरी करड्यावर करडी. बसच्या पाटीवरचा धुळकट आकडा. पांढऱ्या कपात ओतलेलं दूध. पांढऱ्या ताटलीतला दहीभात. करड्या ढगाखालून येणारा करडा रिक्षावाला. ही दृष्टी मोजायला फिकट होत जाणाऱ्या करड्या अक्षरांचे तक्ते वेगळे असतात, आणि एमएसच्या रुग्णांची पडझड त्यांवर उघडी पडते. पण ते गल्लोगल्लीच्या दवाखान्यांत टांगलेले नसतात. तेव्हा कागदावर मी ठणठणीत.

ओळखीपाळखीचे म्हणायचे, “आता छान दिसतंय ना?” हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर नाटक. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, “अगं, मघाशी कोपऱ्यावरून मला ओळखलंस की!” चालण्यावरून ओळखलं होतं, चेहरा दिसलाच नव्हता. पण हे सांगत बसलं की माणसं अशी काही मान डोलावतात, की आपणच आपल्यावर संशय घेऊ लागतो. रोज सकाळी मी एकेक डोळा झाकून देव्हाऱ्यातलं कुंकू बघायची. आज किती आणे? तेरा. आज बारा. एका वहीत लिहायची. ही सवय अजून आहे. नवऱ्याला ती चिंतेची वाटते, मला हिशेबाची.

त्यामुळे व्हीईपी नावाच्या तपासणीचा निकाल हातात आला तेव्हा मला, विचित्र वाटेल पण, आनंद झाला. अंधाऱ्या खोलीत बसवतात, डोक्याच्या मागे चिकट मलम लावून तारा डकवतात आणि समोरच्या पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन अदलाबदल करत राहतात. काळ्याचा पांढरा, पांढऱ्याचा काळा. एकेक डोळा झाकून बघायचं. “मधल्या टिंबाकडे बघा, ताई,” तंत्रज्ञ मुलगा सांगत होता. डाव्या डोळ्याला ते टिंब दिसेल तर शपथ. तरी आलेखावर लाट उमटलीच. निरोगी डोळ्याची लाट मेंदूच्या मागच्या भागात सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे साधारण १०० मिलिसेकंदांनी उमटते. माझी उजवी वेळेवर होती, डावी १३० च्या पुढे. लंडनमध्ये हॅलिडे, मॅकडॉनल्ड आणि मशिन यांनी १९७२ साली हा उशीर पहिल्यांदा नीट मोजला, आणि कळलं की दृष्टी ‘बरी’ झाली तरी हा उशीर बहुधा राहून जातो. तर तो माझा दस्तऐवज. कागदावर शिक्का मारून लिहिलेलं: हिचा डावा डोळा उशिरा येतो.

दुसरा धडा उन्हाने दिला. पुण्याचा एप्रिल-मे आता पूर्वीचा राहिला नाही, हे सगळेच म्हणतात. मला ते डोळ्याने कळतं. दुपारी रिक्षा मिळेपर्यंत रस्त्यावर थांबलं की डाव्या बाजूचं जग हळूहळू दुधाळ होतं. घरी येऊन पंख्याखाली बसलं की अर्ध्या तासात पूर्ववत. आधी वाटलं, आजार उलटला. तसं नसतं. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० साली नोंदवलं की या रुग्णांची नजर श्रम झाल्यावर मंद होते आणि विश्रांतीने परतते. त्यामागे शरीराची उष्णता असते हे पुढे लक्षात आलं. आवरण झडलेल्या तंतूला अर्धा अंश ताप वाढला तरी निरोप पुढे रेटता येत नाही. विसाव्या शतकात बरीच वर्षं तर निदानासाठीच रुग्णाला कढत पाण्याच्या टबात बसवत. बसवा आणि बघा, नजर जाते का. डॉक्टरी कधीकधी सासुरवासापेक्षा कमी नसते.

तसा टब आमच्या घरीही निघाला. नरकचतुर्दशीला पहाटे तेल, उटणं आणि चटका बसेल असं पाणी. त्याशिवाय सासूबाईंच्या लेखी दिवाळी नाही. न्हाऊन बाहेर आले आणि अंगणातल्या पणत्यांची रांग डाव्या डोळ्यापुढून पुसून गेली. उजव्याने दिसतंय, डाव्याने नुसता पिवळट धूर. “झोपेत आहेस अजून,” असं म्हणून त्यांनी मला कारीट फोडायला पुढे ढकललं. फोडलं. पायाला सापडलं हे नशीब. पुढच्या वर्षी त्यांनी बादलीत हात घालून पाणी बघितलं आणि स्वतःच थंड पाण्याचे दोन तांबे त्यात ओतले. त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. आता चैत्रापासून माझ्या मानेभोवती ओला पंचा असतो, पोळ्या सकाळी सातच्या आत होतात, आणि दुपारच्या लग्नांना मी आहेर पाठवते, जात नाही.

घरातल्या बाकीच्या युक्त्या सांगण्यासारख्या आहेत, पण फार नाहीत. दहीभात स्टीलच्या ताटात. दूध निळ्या भांड्यात. तांदूळ निवडायला काळा ट्रे आणि तूरडाळीला पांढरा. स्वयंपाकघराचा ओटा जुन्या काळ्या कडप्प्याचा आहे; तो काढून पांढरा बसवायचा बेत अनेक वर्षं चालला होता, तो मी मोडीत काढला. कडप्प्यावर सांडलेलं दूध, मीठ, रवा सगळं लांबून दिसतं. सोसायटीच्या जिन्यातल्या शेवटच्या पायरीला पिवळी पट्टी लावा, असा अर्ज दिला. सर्वसाधारण सभेत तो पट्टीच्या रंगावर अडला. शेवटी नवऱ्याने रविवारी दुपारी स्वतःच चिकटवली. आता तिचा फायदा सगळ्यात जास्त तिसऱ्या मजल्यावरच्या अध्यक्षांनाच होतो.

कामाचं मात्र युक्तीवर भागेना. एका प्रकाशकांना मी विश्वासाने सगळं सांगितलं. “आधी तब्येत, ताई,” म्हणून त्यांनी फार आपुलकीने विचारपूस केली आणि त्यानंतर त्यांच्याकडून एक फॉर्म म्हणून आला नाही. कायद्याकडे बघावं तर २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्वतंत्रपणे आहे, ही मोठी गोष्ट. पण त्याच कायद्यात अल्पदृष्टीची व्याख्या चांगल्या डोळ्याने, चष्मा लावून, तक्त्यावर काय वाचता येतं आणि दृष्टीचा घेर किती उरला यावर आहे. माझा चांगला डोळा चांगलाच आहे. उन्हात विरघळणाऱ्या, संध्याकाळी थकणाऱ्या, टिंबं गाळणाऱ्या नजरेला त्या व्याख्येत जागा नाही. कुणाला दोष देऊन उपयोग नाही. जे दुपारी तीन वाजता नसतं आणि सकाळी आठ वाजता असतं, ते मोजायचं कसं, हा प्रश्न खराच अवघड आहे.

उपाय सापडला तो धंद्याच्या जुन्या रीतीत. खिळे जुळवायच्या काळात प्रूफ एकट्याने वाचत नसत. एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, दुसरा प्रूफावर डोळा ठेवून खुणा करायचा. संगणक आला आणि ही जोडी मोडली. मी ती पुन्हा बसवली, पण उलटी. मूळ प्रत माझ्यासमोर पडद्यावर असते, काळ्यावर पिवळ्या अक्षरांत, बोराएवढी मोठी करून. आणि छापून आलेलं प्रूफ मोठ्याने वाचतात सासूबाई. त्या निवृत्त मराठीच्या शिक्षिका. आयुष्यभर निबंधांच्या वह्या तपासलेल्या. संगणकाला वाचायला लावून पाहिलं होतं, पण तो आवाज ‘घर’ आणि ‘घरं’ यांतला फरक कधी करतो, कधी गिळतो. सासूबाई गिळत नाहीत.

“त्यानंतर स्वल्पविराम मुलांनी, लां-वर टिंब, पुस्तकं, कं-वर टिंब, परत केली पूर्णविराम. नवा परिच्छेद. ‘स्थिती’ला थि ऱ्हस्व, ती दीर्घ. बरोबर आहे.”

सकाळी आठ ते दहा, माझी नजर ताजी असते तोवर हे चालतं. फक्त त्यांना मजकूरही कळतो, ही अडचण. कादंबरीच्या मध्येच पान खाली ठेवून म्हणतात, “हा नायक अगदीच मेंगळट आहे गं.” नवकवितेला त्यांची हरकत नाही, पण तिथे विरामचिन्हं नसतात म्हणून राग. आणि शृंगाराचा प्रसंग आला की चष्मा काढून माझ्यापुढे पान सरकवतात: “हे तुझं तू बघ.” तेवढी पानं मी भिंग घेऊन एका डोळ्याने वाचते. मराठी साहित्यातला बराचसा शृंगार त्यामुळे अलीकडे माझ्याकडून फारच काळजीपूर्वक तपासला जातो.

मधे एक वर्ष चांगलं गेलं आणि मग संकष्टीच्या रात्री गच्चीवर मला दोन चंद्र दिसले. शेजारी शेजारी, सारखेच. एक डोळा झाकला की एक, दुसरा झाकला की एक, दोन्ही उघडे की दोन. मेंदूच्या देठात दोन्ही डोळ्यांची हालचाल जुळवणारा एक बारीक तंतुपट्टा असतो. या वेळी घाव तिथे बसला होता. एक डोळा बाजूला वळतो, दुसरा मागे राहतो. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “एक नमस्कार माझ्या वाट्याचा कर, मग खाली ये. डॉक्टरांना फोन कर.” त्या काळात चष्म्याच्या एका काचेला धुरकट चिकटपट्टी लावून वावरले. समुद्री चाच्यासारख्या काळ्या पट्टीपेक्षा ती बरी, उजेड आत येतो आणि लोक बघत नाहीत. नंतर काचेला आतून एक पातळ प्लास्टिकचा पापुद्रा डकवला. त्यावर बारीक रेघांचे प्रिझम कोरलेले असतात आणि ते दोन प्रतिमा ओढून एकीवर एक आणतात. दीपगृहांच्या भिंगासाठी ज्याचं नाव घेतात, त्या फ्रेनेलचीच ही कल्पना. काही आठवड्यांनी चंद्र पुन्हा एक झाला आणि पापुद्रा डबीत गेला. डबी फेकलेली नाही.

एवढं सगळं होऊनही एका गोष्टीचा उलगडा होत नव्हता. रस्ता. गाड्या दिसत होत्या, एकेकच दिसत होत्या, पण त्यांचं अंतर पटत नव्हतं. बागेत भाचीला झोपाळ्यावर बसवून मी बाजूच्या बाकावर बसले, तर ती सरळ पुढे-मागे झुलायच्या ऐवजी गोल घेऊन माझ्या अंगावर येते आणि पलीकडून वळसा घालून परत जाते, असं दिसायचं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? पुढच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टना सहज म्हणून बोलले आणि ते खुर्चीत पुढे झुकले.

हा भास जुना आहे. अंधुक प्रतिमेचा निरोप मेंदूला किंचित उशिरा पोचतो. म्हणून एका डोळ्यापुढे काळी काच धरून समोर आडवा झुलणारा लंबक पाहिला, तर तो लंबवर्तुळात फिरताना दिसतो. येनाच्या झाइस कंपनीतल्या कार्ल पुलफ्रिख या शास्त्रज्ञाने १९२२ साली हे मांडलं. गंमत अशी, की त्याचा एक डोळा त्याआधी बरीच वर्षं गेलेला होता. हा भास दिसायला दोन डोळे लागतात. त्याला तो जन्मात दिसला नाही. यंत्रावर मोजमापं घेणारे सहकारी म्हणाले, आम्हाला खूण पुढेमागे सरकताना दिसते. त्याने ते खरं मानलं आणि एका सहकाऱ्याने सुचवलेला खुलासा त्याचं श्रेय त्याला देऊन छापला. माझ्या बाबतीत काळी काच लागत नाही, डावी नस स्वतःच उशीर करते. त्यामुळे उजवीकडून डावीकडे जाणारी गाडी आहे त्यापेक्षा जवळ वाटते आणि डावीकडून उजवीकडे जाणारी लांब. आपल्याकडे रस्त्याच्या अलीकडच्या निम्म्यात वाहनं उजवीकडून येतात, पलीकडच्या निम्म्यात डावीकडून. म्हणजे दुभाजकापर्यंत मी उगाच घाबरणार आणि दुभाजकानंतर उगाच निर्धास्त होणार. राँग साइडने येणाऱ्या पुणेकराचा हिशेब यात धरलेला नाही. तो पुलफ्रिखच्याही आवाक्याबाहेरचा.

“याला उपाय आहे,” डॉक्टर म्हणाले. “चांगल्या डोळ्यापुढे गडद काच लावा. तोही तेवढाच उशिरा येईल. दोघे बरोबर पोचले की झालं.”

चिठ्ठी घेऊन चष्म्याच्या दुकानात गेले. मालकांनी ती वाचली, उलटून वाचली, माझ्याकडे पाहिलं.

“ताई, एकाच काचेला टिंट? तीही उजव्या? खराब डोळा तर डावा आहे तुमचा.”

मी झोपाळ्यापासून सांगायला सुरुवात केली. त्यांनी काउंटरवरची एक काळी काच उचलून स्वतःच्या एका डोळ्यापुढे धरली आणि दुकानातल्या घड्याळाच्या लंबकाकडे बघत राहिले. बराच वेळ. त्यांना काही दिसलं की नाही, ते बोलले नाहीत. मग पावतीबुक ओढलं आणि कार्बन सरळ करून लिहिलं: उजवी गडद, डावी साधी. त्याखाली दोन रेघा मारून आणखी लिहिलं: असंच हवं आहे, बदलू नये.

“वर्कशॉपचा पोरगा हुशार आहे,” ते म्हणाले. “चूक समजून दुरुस्त करेल. शनिवारी सकाळी या, ऊन चढायच्या आत.”